इंजिन त्यांचं, रूळ तुमचा. मग चूक कोणाची?

प्रश्न : आमचा सहा जणांचा मॉडेल रेल्वेचा गट आहे. एचओ (१:८७ प्रमाण), डीसीसीवर (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश जातो). प्रत्येकाचं स्वतःचं मॉड्यूल आहे आणि महिन्यातून एकदा सगळी जोडून गाड्या चालवतो. गटात सगळ्यांत नवा मी. माझं मॉड्यूल १२० सेंमीचं, त्यावर ५६० मिमी त्रिज्येचं एक वळण आणि एक टर्नआउट (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारी जागा). आमच्या ज्येष्ठ सदस्यांचं जर्मन ५२ वर्गाचं वाफेचं इंजिन (२-१०-०, म्हणजे पुढे दोन लहान चाकं आणि मागे दहा जोडलेली) गेल्या तीन बैठकांत माझ्या आणि शेजारच्या मॉड्यूलच्या जोडावर घसरतंय. दोनदा तर टर्नआउटवर शॉर्ट होऊन सगळ्यांच्याच गाड्या थांबल्या. ते सर्वांसमोर म्हणतात, "याला आधी रूळ नीट करायला सांगा." बाकीच्यांची डिझेल इंजिनं मात्र तिथूनच बिनतक्रार जातात. मी आता एनएमआरएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा, चाकं आणि रूळ मोजायचा गेज मागवलाय. पुढच्या बैठकीत त्यांचं इंजिन सगळ्यांदेखत गेजवर ठेवावं म्हणतो. शिवाय दुसऱ्या एका मित्राला दोन मालडबे वापरायला दिले होते, त्याने न विचारता कपलर (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) बदलले आणि वरून गंज-धुळीचा रंग चढवला. कधीकधी वाटतं, आपलं मॉड्यूल उचलावं आणि गट सोडावा. काय करू?

उत्तर : गेज मागवलात हे चांगलंच केलंत. फक्त तो आधी स्वतःच्या रुळाला लावा, आणि तेही घरी. सगळ्यांदेखत इंजिन गेजवर ठेवण्याचा बेत सोडून द्या. ते ज्येष्ठ आहेत म्हणून नव्हे. त्या प्रयोगातून तुम्हाला हवं तेवढं सिद्ध होण्याची शक्यता कमी आहे, म्हणून.

तुमचा सगळा भरवसा "बाकीची डिझेल जातात" यावर आहे. पण चार आसांच्या डिझेलने रुळाची परीक्षा होतच नाही. एचओत तिच्या एका बोगीच्या (इंजिनाखालच्या फिरत्या चाकगाड्याच्या) दोन आसांमधलं अंतर जेमतेम ३० मिमी असतं. खऱ्या ५२ वर्गात दांड्यांनी जोडलेल्या पाच जोडचाकांचा पाया, म्हणजे पहिल्या ते शेवटच्या आसापर्यंतचं अंतर, ६.६ मीटर, ८७ने भागा, ७६ मिमी येतात. आता पायाच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, एवढं गणित करा. तुमच्या वळणावर बोगीसाठी उत्तर येतं ०.२ मिमी आणि ५२साठी १.३ मिमी. म्हणजे मधल्या चाकांना टोकाच्या चाकांच्या मानाने १.३ मिमी बाजूला सरकावं लागतं. बनवणारे तेवढी मुभा ठेवतात, कुठे आस सैल ठेवून, कुठे मधल्या चाकांची फ्लँज (रुळाच्या आत उतरणारी कड) काढून. पण ही मुभा वळणातच संपली, की जोडावरच्या बारीक चुकीसाठी काही उरत नाही. उंचीच्या बाबतीतही तसंच आहे. आरपी-२५ घडणीच्या (एनएमआरएने सुचवलेल्या आकाराच्या), एचओत सर्रास दिसणाऱ्या चाकाची फ्लँज फक्त ०.६४ मिमी खोल असते. एनईएम या युरोपीय मानकाच्या चाकांची जास्त खोल असू शकते. रुळाला पीळ पडून एक चाक अर्धा-पाऊण मिमी उचललं गेलं, की ते चाक बाहेर. लहान बोगी तो पीळ झुकून पचवते, लांब ताठ चौकट पचवत नाही.

त्यामुळे अशा तक्रारीत बहुधा दोन्हीकडचं थोडंथोडं चुकलेलं असतं. इंजिन मापाच्या एका काठावर, रूळ दुसऱ्या काठावर, आणि दोघे एकत्र आले की घसरण. तुम्ही चारचौघांत त्यांचं चाक मोजलंत आणि ते मापात निघालं, तर पुढे काय बोलणार? मापाबाहेर निघालं तरी ते घरी जाऊन चाक दुरुस्त करतील, परत येतील आणि इंजिन पुन्हा तुमच्याच जोडावर घसरेल. मग तुमची बाजू कायमची पडली.

म्हणून सुरुवात आपल्या टोकापासून. मॉड्यूलच्या कडेला तुमचा रूळ कोणत्या कोडचा (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत रुळाची उंची) आहे आणि शेजाऱ्याचा कोणत्या, हे माहीत आहे का? कोड १०० रुळाची उंची २.५४ मिमी, कोड ८३ची २.११. दोन्ही नुसती समोरासमोर आणली तर ०.४३ मिमीची पायरी तयार, आणि ही पायरी एकाच दिशेने चढताना त्रास देते. इंजिन शेजाऱ्याकडून येताना घसरतं पण तुमच्याकडून जाताना नाही, असं असेल तर संशय आधी इथेच घ्या. स्लीपरची जाडीही कंपनीगणिक बदलते, त्यामुळे कोडवर विसंबू नका; कडेच्या फळीच्या वरच्या पृष्ठापासून रुळाच्या माथ्यापर्यंत दोघांचंही अंतर कॅलिपरने मोजा आणि जो खाली आहे त्याच्या स्लीपरखाली प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या घाला. एकदम कडेलाच उचलू नका. उतार किमान १५-२० सेंमीत पसरू द्या, नाहीतर पायरी जाऊन कुबड येईल.

मग ३० सेंमीची स्टीलची पट्टी रुळाच्या माथ्यावर, रुळाच्याच दिशेने, जोडावरून टाका आणि मागून उजेड धरा. फट दिसली की समजा. आतल्या बाजूलाही पट्टी टेकवून बघा, कारण आडवी पायरी उभ्या पायरीइतकीच वाईट. नखाने माथा आणि आतली कड चाचपडली तरी दोन्ही कळतात. टोकांमधली फट १ मिमीच्या आत ठेवा. पार चिकटवू मात्र नका, लाकूड कोरड्या हवेत आकसतं तेव्हा रुळाला जागा लागते. दोन्ही टोकांच्या आतल्या कडेला बारीक कानशीने दोन-तीन हलके फटके देऊन धार मोडा. माथ्यावर कानस चालवण्याचा मोह टाळा. तिथे खोलगट जागा झाली की चाक तिथे आदळतं.

पीळ शोधायला कागद पुरतो. साध्या लिहायच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी. जड, लांब इंजिन जोडावर उभं करून प्रत्येक चाकाखालून कागदाची पट्टी ओढा. जिथून ती सहज सुटते तिथलं चाक टेकलेलंच नाही. (स्प्रिंगवर बसवलेल्या चाकांना ही परीक्षा लावू नका.) मॉड्यूलमध्ये पीळ येण्याचं नेहमीचं कारण रुळात नसतंच, जोडण्याच्या क्रमात असतं. घाईत आधी क्लॅम्प आवळतात आणि मग पायांचे स्क्रू फिरवून पाणसळ बघतात. तोवर चौकट दोन्हीकडून जखडलेली असते. पाय वर केला की ती वर जात नाही, पिळते. क्रम असा हवा: पाय, मग लांबीत आणि रुंदीत पाणसळ, मग जुळणीच्या पितळी खुंट्या, मग क्लॅम्प हाताने जेमतेम, मग नख फिरवून बघणं, मग आवळणं, आणि विजेचे जोड सगळ्यात शेवटी.

शेवटच्या दोन-तीन सेंमीतला रूळ नुसत्या खिळ्यांवर असेल तर तो आतापर्यंत हललाच असणार, दर महिन्याला त्याला धक्के बसतात. कडेपासून ५-६ मिमीवर प्रत्येक रुळाखाली एक पितळी स्क्रू घाला, माथा रुळाच्या तळाला अलगद टेकेल इतका वर आणा आणि रूळ त्याला सोल्डर करा. किंवा तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डची पट्टी स्लीपर म्हणून वापरा; तिच्या मधोमध थर खरवडून तोडायला विसरू नका, नाहीतर कायमचा शॉर्ट. फ्लक्स राळेचं घ्या. आम्लाचं फ्लक्स पुढे सांधा खातं. सोल्डरिंग करताना गेज रुळांत बसवूनच ठेवा, कारण प्लास्टिकचे स्लीपर तापून मऊ झाले की १६.५ मिमीचं अंतर नकळत सरकतं. आणखी एक बघा: तुमचं वळण कडेपर्यंत आलेलं नाही ना? कडेआधी किमान १० सेंमी सरळ रूळ नसेल, तर दोन मॉड्यूल मिळून जोडावर कोपरा तयार होतो आणि मग वर सांगितलेल्या सगळ्या दुरुस्त्या थिट्या पडतात. तसं असेल तर रूळ उचलून नव्याने टाकायची तयारी ठेवा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरी वाट नाही.

टर्नआउटवरचा शॉर्ट हे वेगळं दुखणं. त्याची दोन कारणं संभवतात आणि दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. फ्रॉग (टर्नआउटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) प्लास्टिकचा असेल तर त्याच्या टोकापाशी विरुद्ध ध्रुवांचे दोन रूळ अगदी जवळ येतात; चाकाचा माथा रुंद असला की तो दोन्हींना एकदम टेकतो. फ्रॉग धातूचा आणि विजेचा असेल तर बहुधा चाकाची पाठ टर्नआउटच्या उघड्या, सरकत्या पात्याला घासते, कारण दोन चाकांमधलं आतलं अंतर कमी भरतं. खोलीतले दिवे मालवून इंजिन अगदी हळू चालवा. ठिणगी कुठे पडते ते दिसेल. फ्रॉगपाशी पडत असेल तर प्लास्टिक संपतं तिथून पुढे दोन्ही रुळांच्या माथ्यावर सेंटिमीटरभर पारदर्शक नेलपॉलिश लावा. निदान पक्कं करायला हा उपाय झकास आहे, पण तो झिजतो. कायमचं करायचं तर रुळातली वीज तोडणारी फट थोडी पुढे सरकवून घ्यावी लागते. ठिणगी पात्यापाशी पडत असेल तर दोष इंजिनाच्या चाकात असण्याची शक्यता मोठी. तरी पातं पुरेसं उघडतं का, तेही मोजून ठेवा.

आता, सगळ्यांच्या गाड्या थांबल्या हा दोष तुमचाही नाही आणि त्यांचाही नाही. सहा जणांचा लेआउट एकाच बूस्टरवर (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्रावर) एकाच तुकड्यात चालवला तर एकाच्या शॉर्टने सहा जण थांबणारच. लेआउटचे दोन-तीन विद्युत विभाग करून प्रत्येकाला वेगळा सर्किट ब्रेकर द्या. ब्रेकर बूस्टरच्या आधी तुटला पाहिजे: बूस्टर ५ अँपिअरचा असेल तर ब्रेकर ३ किंवा ४वर लावा. मग प्रत्येक मॉड्यूलच्या दूरच्या टोकाला रुळांवर नाणं ठेवून बघा. ब्रेकर तत्क्षणी तुटायला हवा. तुटला नाही तर तारा बारीक आहेत किंवा कुठला जोड सैल आहे, आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी १५ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ७५ वॅट एकाच जागी जळतील. तेवढ्यात स्लीपर वितळतात. बस वायर (खालून जाणारी मुख्य तार) २ ते २.५ चौरस मिमीची ठेवा, फीडर (तिच्यापासून रुळाला जाणाऱ्या तारा) त्याहून बारीक चालतील पण आखूड हवेत आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र. रेल जॉइनरवर (रुळांची टोकं जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) वीज सोपवू नका. या एका कामाने गटातली निम्मी चिडचिड ओसरेल असं आमचं मत आहे. माणसं रागावतात ती समोरच्याचं इंजिन घसरलं म्हणून नव्हे, आपली गाडी मधेच थांबली म्हणून.

एवढं झाल्यावर त्यांना फोन करा. निरोप दुसऱ्याकरवी नको, गटाच्या चॅटवर तर नकोच. काय सापडलं ते आकड्यांत सांगा: "दादा, माझ्या जोडावर ०.४ मिमीची पायरी होती, ती काढलीय. तुमच्याइतकं लांब इंजिन गटात कोणाकडे नाही, रूळ तपासायला तेच लागेल. पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी याल का?" यात खोटी नम्रता नाही, खरोखरच तेच इंजिन लागणार आहे. आणि ज्या माणसाचं इंजिन तुम्ही मोजमापाचं साधन म्हणून मागता, तो त्या इंजिनाचं मापही मोकळेपणाने बघू देतो.

त्या अर्ध्या तासात ५२ तुमच्या जोडावरून पुढे, मागे, हळू, वेगात चालवा. मग तेवढ्याच त्रिज्येच्या दुसऱ्या कोणाच्या वळणावर तसंच. मग दुसरं एखादं लांब पायाचं इंजिन तुमच्या जोडावर. फोन रुळाच्या पातळीला ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा, कारण पहिलं कुठलं चाक उतरलं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही आणि सगळा निकाल त्याच्यावर असतो. २-१०-०मध्ये बऱ्याचदा पुढची एकटी चाकजोडी आधी उतरते आणि मागची दहा चाकं तिच्यापायी बदनाम होतात. त्या जोडीवर वजन फार कमी असतं. स्प्रिंग सैल असेल तर तिच्या चौकटीवर शिशाची दोन-तीन ग्रॅमची चकती चिकटवून फरक पडतो का बघा.

गेज त्यांच्या हातात द्या. चाकं त्यांनीच ठेवावीत. दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर एचओत १४.४ मिमीच्या आसपास हवं, आणि ते चाक फिरवून तीन-चार जागी सारखं भरायला हवं; एका जागी कमी, दुसरीकडे जास्त म्हणजे चाक तिरकं बसलंय. माप चुकलेलं निघालं तरी जागच्या जागी दुरुस्तीचा उत्साह आवरा. डब्याचं चाक पिळून आत-बाहेर करता येतं, वाफेच्या इंजिनाचं जोडचाक पिळायचं नसतं. एका आसावरची डावी-उजवी चाकं एकमेकांशी ९० अंशांत बसवलेली असतात. तो कोन सरकला की दांडे अडकतात आणि इंजिन लंगडत चालतं. हे काम पुलरने (चाक ओढून काढायच्या साधनाने), सरळ ओढून, त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या कारागिराने करावं. तुम्ही हात लावलात आणि काही बिघडलं, तर पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागेल.

गटासाठीही एक सुचवून बघा. घसरण झाली की बोलायचं नाही, चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीवर जागा, इंजिन किंवा डब्याचा क्रमांक, दिशा, ओढत होतं की ढकलत, आणि पहिलं उतरलेलं चाक. माणसाचं नाव नाही. अमेरिकेतले मॉडेलवाले खऱ्या रेल्वेच्या रिवाजाप्रमाणे अशा 'बॅड ऑर्डर' चिठ्ठ्या सर्रास वापरतात. सोबत एक साधा नियम ठेवा: दोन वेगवेगळ्या जागी घसरलेलं वाहन त्या दिवसापुरतं खोक्यात जाईल, आणि दोन वेगवेगळी वाहनं जिथे घसरतात तो रूळ बैठकीनंतर तपासला जाईल. "याचा रूळ" हा शब्दप्रयोग मग आपोआप मागे पडतो. घसरलेलं इंजिन मालकानेच उचलायचं, हेही ठरवून टाका. रेलिंगला धरून उचललेल्या इंजिनाने जेवढ्या मैत्र्या बिघडल्या असतील तेवढ्या रुळांनी नसतील.

गट सोडण्याबद्दल एवढंच. रूळ नीट झाला, इंजिन मापात आलं आणि तरीही ते चारचौघांत टोमणे मारत राहिले, तर तो प्रश्न रेल्वेचा उरत नाही. तेव्हा त्यांना एकट्याला गाठून स्पष्ट सांगा की चूक असेल तर मला सांगा, सगळ्यांना नको. तेही उपयोगी पडलं नाही तर सोडायला हरकत नाही. पण मॉड्यूल उचलण्याआधी एक बैठक सूचना द्या. तुमच्या १२० सेंमीची जागा भरायला कोणाला तरी साधा सरळ तुकडा बनवावा लागेल, आणि उरलेल्या चौघांनी तुमचं काही वाईट केलेलं नाही.

राहिले डबे. इथे आम्ही पूर्णपणे तुमच्या बाजूने आहोत. वापरायला दिलेली वस्तू बदलायची नसते, सुंदर बदलली तरी नाही. पण बोलण्याआधी नुकसान किती ते बघा. कपलर एनईएम ३६२च्या खोबणीत बसणारे असतील तर काहीच बिघडलेलं नाही, ओढून काढायचे आणि जुने घालायचे. "माझे जुने कपलर परत दे" एवढी मागणी पुरते. खोबणी कापून नवी पेटी स्क्रूने बसवली असेल, तर त्याने डबे भरून द्यावेत असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रंगाचंही तसंच. पावडर नुसती चोळलेली असेल तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश पुरेल. चाकं आणि कपलर आधी काढून ठेवा आणि छापील अक्षरांवर घासू नका. वरून मॅट व्हार्निश मारलं असेल तर मात्र ते निघणार नाही. काढायला गेलात तर खालची कंपनीची छपाईही जाईल, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

डबे हातात आल्यावर वजन करून घ्या. एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन हवं. २० सेंमीच्या डब्याला ते साधारण १४० ग्रॅम येतं. कपलर बदलताना आतली वजनाची पट्टी काढून ठेवण्याचा प्रकार काही जण करतात. ती राहून गेली, तर पुढच्या बैठकीत हलके झालेले तेच डबे तुमच्या वळणावर आतल्या बाजूला ओढले जाऊन पडतील.